जुनं ग्राफिक्स कार्ड आणि काळा पडदा



मागच्या वेळी आपण सोयाबीनच्या बियाण्याची उगवणक्षमता घरच्या घरी कशी तपासायची ते बोललो होतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचे. आजचाही विषय तपासणीचाच आहे, पण बियाण्याच्या नाही, कॉम्प्युटरच्या. बऱ्याच गटांनी आता जुने, वापरलेले कॉम्प्युटर घेतलेत. कुणी मसाल्याच्या पाकिटांची लेबलं बनवतं, कुणी लग्नपत्रिका, कुणी बारशाचे नि साखरपुड्याचे व्हिडिओ जोडून देतं. आणि बायकांचा एक प्रश्न आम्हाला सारखा येतो: "ताई, मशीन सुरू होते, पंखा फिरते, पण पडद्यावर काहीच दिसत नाही. आता काय करावं?"

आमच्याच गटावर हा प्रसंग आला होता. त्यात आमचं काय चुकलं, तेही आज लपवून न ठेवता सांगतो. तुमचे पैसे आणि तुमच्या घरातली एखादी पोरगी, दोन्ही त्यातून वाचले तर बरं.

रिसोड तालुक्यातला आमचा अकरा बायकांचा गट. व्हिडिओचं काम मिळू लागलं, म्हणून अंतर्गत बचतीतून पैसे काढून एक जुना ऑफिसमधला कॉम्प्युटर घेतला नऊ हजाराला. व्हिडिओच्या कामाला तो कमी पडेल म्हणून त्यात टाकायला साडेसहा हजाराचं वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घेतलं. साडेपंधरा हजार म्हणजे आमच्यासाठी लहान रक्कम नाही. वस्तू निवडली आमच्या खजिनदार ताईंच्या सुनेनं. पोरीनं एमएस-सीआयटी केलेलं, हात हुशार. दुकानदारानं कार्ड दुकानातच लावून चालू करून दाखवलं आणि सात दिवसांची चेकिंग वॉरंटी दिली. सात दिवसांत बिघाड निघाला तर वस्तू परत, आठव्या दिवशी काही नाही.

एसटीनं सगळं घरी आलं. आमच्याकडे आधीपासून एक जुना मॉनिटर होता, तो जोडला. नारळ फोडला, बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घुरघुरला. आणि मॉनिटरवर दोनच शब्द आले, "नो सिग्नल". मग तेही गेले आणि पडदा काळा.

"अवं माय, पैसे पाण्यात गेले का वं?" एक मावशी म्हणाल्या. तिथून बोलणी सुरू झाली.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय?

थोडक्यात समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कॉम्प्युटर आत जे काही करतो ते आकड्यांत करतो. ते आकडे चित्रात बदलून मॉनिटरकडे पाठवायचं काम ज्या भागाचं, त्याला ग्राफिक्स म्हणतात. बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये हा भाग प्रोसेसरमध्येच बसवलेला असतो. साध्या कामाला, म्हणजे टायपिंग, हिशोब, ऑनलाइन अर्ज यांना तेवढा पुरतो. व्हिडिओ किंवा मोठी डिझाइनं करायची असतील तर वेगळी पाटी लावतात, ते ग्राफिक्स कार्ड. त्यावर स्वतःचा पंखा असतो, स्वतःची मेमरी असते. ते मदरबोर्डवरच्या लांब खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये बसतं.

म्हणजे चित्र पडद्यापर्यंत यायला एक साखळी आहे: वीज, मदरबोर्ड, रॅम, कार्ड, केबल आणि मॉनिटर. यातली एक कडी सुटली तरी पडदा काळाच राहतो. काळा पडदा कोणती कडी सुटली ते सांगत नाही. ते आपल्याला शोधावं लागतं.

हात लावण्याआधी

सीपीयूचा डबा उघडण्याआधी बटण बंद करा, प्लग बोर्डातून काढा, आणि मग सीपीयूचं बटण दहा सेकंद दाबून धरा. आत उरलेली वीज निघून जाते. डब्याच्या लोखंडी पत्र्याला हात लावून मगच कार्डाला हात लावा, कारण अंगावरच्या स्थिर विजेनं नाजूक भाग जळू शकतो. नायलॉनची साडी, प्लास्टिकची चटई त्या वेळी नको. बांगड्या काढून ठेवा, मंगळसूत्र पदरात खोचा. कार्ड कडेनं धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका.

आणि एक गोष्ट कधीच करू नका. ज्या चौकोनी डब्यातून सगळ्यांना वीज जाते, त्याला एसएमपीएस म्हणतात. तो खोलू नका. प्लग काढल्यावरही त्यात जीव घेईल एवढी वीज साठलेली राहू शकते. तो बिघडला तर बदलायचा, नाहीतर जाणत्या माणसाकडे द्यायचा.

कडी कडी तपासू

पहिली कडी, मॉनिटर. त्याचा दिवा लागतो का? "नो सिग्नल" असं येत असेल तर मॉनिटर जिवंत आहे, त्याला फक्त चित्र मिळत नाही. मॉनिटरला दोन-तीन तोंडं असतील, तर त्याच्या बटणावरून बरोबर तोंड निवडलंय का ते बघा. केबल एचडीएमआयमध्ये आणि मॉनिटर व्हीजीएची वाट बघतोय, असं पुष्कळदा होतं. मॉनिटरला एचडीएमआय असेल तर घरातला सेट टॉप बॉक्स लावून बघा. चित्र आलं तर मॉनिटर ठीक.

दुसरी कडी, केबल कुठे लावली. सीपीयूच्या मागे वरच्या भागात, जिथे माऊस-कीबोर्डाची तोंडं आहेत, तिथे मदरबोर्डाचं तोंड असतं. त्याच्या खाली आडवी पट्टी दिसते, ती ग्राफिक्स कार्डाची. कार्ड लावलेलं असेल तर केबल खाली, कार्डाला लावायची. कार्ड बसवलं की वरचं तोंड पुष्कळ मशिनींत आपोआप बंद होतं. आम्हीही आधी केबल वरच लावली होती. खाली लावली, तरी चित्र आलं नाही.

तिसरी कडी, कार्डाची वीज. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते. सहा पिनांची वायर आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५० वॅट. उदाहरण घ्या. जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड ७५ वॅटचं आहे, त्याच्या बहुतेक प्रकारांना वेगळी वायर लागत नाही. जीटीएक्स १०६० हे १२० वॅटचं, त्याला लागते. आरएक्स ५८० हे १८५ वॅटचं. ऑफिसमधल्या जुन्या मशिनींत एसएमपीएसच लहान असतो, आणि पुष्कळदा ही वायर त्यात नसतेच. पंखा फिरतो म्हणजे वीज पुरते असं समजू नका. पंख्याला थोडी लागते, कार्डाला पुष्कळ. आणखी एक. प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि कार्डाची आठ पिनांची वायर दिसायला सारख्या, पण वेगळ्या असतात. जाईना तर जोर लावू नका.

आमचं कार्ड १०५० टीआय होतं. वायरीचा प्रश्न नव्हता.

चौथी कडी, कार्ड नीट बसलंय का. एसटीच्या डिक्कीत आदळआपट होते आणि कार्ड अर्धा मिलिमीटर जरी उचकलं तरी चित्र जातं. स्लॉटच्या टोकाला लहान खिट्टी असते. ती दाबून कार्ड सरळ वर काढायचं. सोनेरी पट्ट्या मळलेल्या असतील तर पोरांच्या दप्तरातला पांढरा खोडरबर हलक्या हातानं फिरवायचा आणि कोरड्या ब्रशानं भुकटी झाडायची. पाणी, रॉकेल काही नको. मग दोन्ही बाजूंनी सारखं दाबून बसवायचं, खिट्टी "टक" वाजली पाहिजे, आणि मागचा स्क्रू आवळायचा. रॅमची पट्टीही अशीच काढून पुन्हा बसवावी. रॅम सैल असली तरी पडदा काळाच राहतो आणि दोष कार्डावर जातो.

हे सगळं केलं. पडदा काळाच.

पाचवी कडी, मशीन जिवंत आहे का. कीबोर्डावरचं कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागत-विझत असेल तर मशीन आतून चालू आहे, फक्त दिसत नाही. मशीन आवाज करत असेल तर तो ऐका. बहुतेक मशिनींत एक लहान बीप म्हणजे ठीक. अवॉर्ड कंपनीचं जुनं बायोस असेल तर एक लांब आणि दोन लहान बीप म्हणजे चित्राच्या भागात बिघाड. प्रत्येक कंपनीची खूण निराळी, म्हणून मदरबोर्डाचं नाव बघूनच अर्थ लावा. आमच्याकडे बीप नव्हती, कॅप्स लॉकचा दिवा मात्र पेटत होता.

सहावी तपासणी, कार्ड काढून बघणं. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून केबल वरच्या तोंडाला लावायची. मात्र सगळ्या प्रोसेसरमध्ये ते नसतं. इंटेलच्या नावापुढे एफ अक्षर असेल तर नसतं. रायझनच्या जुन्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये, नावापुढे जी नसेल तर नसतं. अशा मशिनीतलं कार्ड काढलं तर पडदा काळाच राहणार, त्याला घाबरू नका.

आम्ही कार्ड काढलं, मॉनिटरची जुनी निळ्या टोकाची व्हीजीए केबल मदरबोर्डाला लावली, आणि चित्र आलं! बायकांनी टाळ्या वाजवल्या. पण लगेच दुसरं बोलणं सुरू झालं. मशीन चांगली, मॉनिटर चांगला, म्हणजे कार्ड मेलेलं. गावातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या भाऊंनी दुरूनच सांगितलं, "कार्ड जळालं."

इथे आमचं चुकलं

त्या रात्रीच्या बैठकीत फार कडू बोललं गेलं. दुकानदारानं चांगलं दाखवून खराब दिलं, असं एकीचं म्हणणं. पण पोरीनं दुकानातच कार्डाच्या स्टिकरचा, त्यावरच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवला होता. क्रमांक जुळला. कार्ड तेच होतं. मग दोष पोरीवर आला. "सुनेले काय समजते त्यातलं? मी म्हणतच होती, नवं घ्या." खजिनदार ताई स्वतः गप्प बसल्या, आणि त्यांचं गप्प बसणं पोरीला जास्त लागलं. घरून निरोप आला, आता हे कॉम्प्युटरचं खूळ पुरे, शेतातलं निंदण पडलंय. आम्ही समन्वयक म्हणून तिथे बसलो होतो. तिच्या बाजूनं एक शब्द बोललो नाही. आम्हालाही वाटत होतं की कार्ड मेलंय.

तरी ती म्हणाली, "परत द्यायच्या आधी एकदा दुसऱ्या मशिनीत लावून पाहू द्या." ही सातवी आणि सगळ्यांत खात्रीची तपासणी आहे. संशयाची वस्तू चांगल्या मशिनीत लावून बघणं. पाचव्या दिवशी आम्ही दोघी कार्ड मऊ कापडात गुंडाळून वाशिमला गेलो. ओळखीच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या सरांनी ते त्यांच्या मशिनीत बसवलं, एचडीएमआयची केबल लावली आणि बटण दाबलं. पहिल्याच वेळी चित्र. अर्धा तास व्हिडिओ चालवला, कार्डाला काही झालं नाही.

आता गंमत बघा. मशीन चांगली, मॉनिटर चांगला, कार्ड चांगलं. मग बिघडलं काय?

परतीच्या गाडीत पोरीनं वही काढली. पहिल्या दिवसापासून ती एकेक तपासणी लिहून ठेवत होती, वेळ टाकून. गटाचे लेखे लिहिण्याची सवय. नियमित लेखे हे आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र, ते तुम्हाला सांगायला नको. तिनं सहाव्या तपासणीवर बोट ठेवलं. "ताई, तेव्हा आपण कार्ड काढलं, बरोबर. पण त्याच वेळी केबलही बदलली होती."

आम्ही एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, आणि दोष एकीवर टाकला होता.

केबलची गोष्ट अशी. आमच्या जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए तोंड. कार्डाला व्हीजीए नव्हतंच, एचडीएमआय होतं. म्हणून बाजारातून एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए असलेली साधी स्वस्त केबल आणली होती. दोन्ही टोकं नीट बसली, म्हणून ती बरोबर आहे असं आम्ही धरून चाललो. पण एचडीएमआयमधून डिजिटल, म्हणजे आकड्यांची भाषा येते, आणि व्हीजीएला चढत्या-उतरत्या विजेची, अॅनालॉग भाषा कळते. एक वऱ्हाडी बोलतो, दुसऱ्याला फक्त तमिळ समजतं. नुसती तार दोघांमध्ये बांधून बोलणं होत नाही, मध्ये दुभाष्या लागतो. तो दुभाष्या म्हणजे आत चिप असलेला कन्व्हर्टर. आमच्या केबलमध्ये चिपच नव्हती.

हे नव्या कार्डांच्या बाबतीत जास्त घडतं. पूर्वीच्या पुष्कळ कार्डांच्या डीव्हीआय तोंडातून अॅनालॉगही यायचं, साधा जोड लावला तरी चालायचं. एनव्हिडियाच्या २०१६ सालच्या जीटीएक्स १० मालिकेपासून ते बंद झालं. त्यामुळे जुना मॉनिटर आणि नवीन कार्ड असा संसार मांडायचा असेल तर चिपवाला कन्व्हर्टर लागतोच. तो आम्हाला वाशिमच्या बाजारात साडेतीनशे रुपयांना मिळाला. संध्याकाळी कार्ड बसवलं, कन्व्हर्टर लावला, बटण दाबलं. चित्र आलं. चेकिंग वॉरंटीचे दोन दिवस अजून शिल्लक होते. आम्ही ते कार्ड परत करून, पाचशे-हजार कापून घेऊन घरी येणार होतो.

म्हणून आज सांगायचं ते इतकंच: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि जे केलं ते लिहा. उगवणक्षमता बघताना आपण काय करतो? सगळे दाणे एकाच ओल्या पोत्यात ठेवतो. अर्धे कोरड्या पोत्यात ठेवले आणि उगवले नाहीत, तर बियाण्याला नाव कसं ठेवणार?

आणखी तीन प्रकार

तुमचा बिघाड आमच्यासारखाच असेल असं नाही. म्हणून आणखी तीन प्रकार लक्षात ठेवा.

एक. कंपनीची खूण दिसते, विंडोजची खूण दिसते आणि मग पडदा काळा होतो. म्हणजे कार्ड, केबल, मॉनिटर बहुतेक ठीक आहेत, ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम चुकला आहे. विंडोज सुरू होताना दोन-तीनदा बटणानं बंद केलं की दुरुस्तीचा पडदा येतो. तिथून सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर काढायचा आणि कार्डाच्या कंपनीच्या वेबसाइटवरूनच नवा घ्यायचा.

दोन. सगळ्या कड्या बरोबर, तरी अगदी सुरुवातीपासून काळं. तेव्हा मदरबोर्डवरची गोल बटणासारखी बॅटरी, सीआर २०३२, मशीन बंद करून पाच मिनिटं काढून ठेवा आणि परत लावा. बायोसच्या सेटिंग मूळ जागी येतात. वर्षानुवर्षं पडून असलेल्या मशिनीत ती बॅटरीच संपलेली असते, नवी घालावी. कधी कधी फार जुना मदरबोर्ड आणि नवं कार्ड यांचं जमत नाही, तेव्हा बायोस अपडेट करावं लागतं. ते जाणत्याकडूनच करून घ्या. मध्येच लाईट गेली तर मदरबोर्ड कामातून जातो, आणि आपल्याकडे लाईट कधी जाईल ते डीपीलाच ठाऊक.

तीन. चित्र येतं, पण रंगीत चौकोन, रेघा, ठिपके दिसतात, किंवा काम वाढलं की पडदा जातो. आधी धूळ बघा. सोयाबीनची मळणी चालू असली की भुसा घरभर उडतो आणि पंख्यात जाऊन बसतो. पंखा बोटानं धरून, फिरू न देता, ब्रशानं झाडा. धूळ काढूनही रेघा राहिल्या तर कार्डाची मेमरी जाण्याची खूण आहे. मुदत असेल तर लगेच परत करा. आणि हो, कार्डाचा पंखा फिरत नाही म्हणून घाबरू नका. काही कार्डांचा पंखा गरम झाल्यावरच फिरतो.

काही जण सांगतात, मेलेलं कार्ड ओव्हनमध्ये भाजलं की जिवंत होतं. झालं तरी चार दिवस टिकतं, आणि प्लास्टिकचा धूर स्वयंपाकाच्या जागी पसरतो. आपल्या चुलीजवळ हा उद्योग नको.

जुनं कार्ड घेताना

वापरलेलं कार्ड घेणं वाईट नाही. गरिबाच्या धंद्याला तोच आधार आहे. पण बाजार समजून घ्या. काही वर्षांपूर्वी जगभर लोकांनी इथेरियम नावाचं आभासी चलन कमावण्यासाठी हजारो कार्डं दिवसरात्र चालवली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धत बदलली, कार्डांचं काम संपलं, आणि ती कार्डं जुन्या बाजारात आली. त्यातली पुष्कळ अजून चांगली चालतात, पण काहींचे पंखे झिजलेले असतात, काहींचं आतलं बायोस बदललेलं असतं. आणि पी १०६ सारखी काही कार्डं त्या कामासाठीच बनवली होती, त्यांना मॉनिटरचं तोंडच नसतं. स्वस्त मिळालं म्हणून उचललं तर केबल लावायला जागा नाही.

दुसरी फसवणूक अशी. फार जुन्या कार्डात नव्या कार्डाचं नाव भरून विकतात. जीपीयू-झेड नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे. अशा पुष्कळ कार्डांच्या नावाआधी तो "फेक" असं लिहून दाखवतो. दुकानातच तो चालवून दाखवायला सांगा.

तेव्हा घेताना ही वही सोबत ठेवा:

कार्ड मशिनीत लावून, निदान पंधरा मिनिटं व्हिडिओ चालवून दाखवायला सांगा.
आपल्या मॉनिटरला कोणतं तोंड आहे, त्याचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन जा. जमलं तर आपली केबलही न्या.
आपल्या एसएमपीएसवरच्या स्टिकरचा फोटो न्या. वॅट आणि वायरी त्यावरून कळतील.
कार्डावरच्या क्रमांकाचा आणि स्क्रूंचा फोटो घ्या.
चेकिंग वॉरंटी किती दिवसांची ते बिलावर लिहून घ्या. तोंडी मुदत ही मुदत नव्हे.
घरी आल्यावर पहिल्याच दिवशी तपासा. सहाव्या दिवसाची वाट बघू नका.

बिल असूनही कुणी दाद देत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथे बोला. आणि कार्ड खरंच मेलं असेल तर उकिरड्यावर टाकू नका, जाळू तर नकाच. त्यात शिसं असू शकतं, तो कचरा मातीत आणि विहिरीत उतरतो. इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडेच द्या.

आमच्या मशिनीवर आता काम चालू आहे. घरात अर्थिंग करून घेतलं, लहान यूपीएस घेतला. आकाशात वीज कडाडू लागली की प्लग काढतो. त्या पोरीनं मागच्या लग्नसराईत सात व्हिडिओ करून दिले. निंदणाच्या दिवसांत सकाळी शेतात आणि दुपारनंतर मशिनीवर, असं तिनं स्वतःच ठरवून घेतलं.

आम्ही तिची माफी मागितली, पण उशिरा. चित्र आल्यावर मागितली, त्याला काय अर्थ? चित्र आलं नसतं तर? कार्ड खरंच जळालेलं निघालं असतं तरी ती चूक तिची नव्हती. तिनं फोटो काढला होता, मुदत घेतली होती, प्रत्येक गोष्ट लिहिली होती. आपण मात्र काळा पडदा बघितला आणि सुनेकडे बोट दाखवलं. खजिनदार ताईंनी पुढच्या बैठकीत एवढंच केलं की ती वही सगळ्यांसमोर वाचायला लावली, पहिल्या पानापासून. वाचून झाल्यावर कुणी काही बोललं नाही. आता गटाच्या कपाटात, लेख्यांच्या वहीशेजारी ती ठेवलेली असते. मशीन रुसली की आधी ती वही निघते, मग पेचकस.

तुमच्या गटातली मशीन अशी रुसली असेल तर कुठवर तपासलंत ते लिहून आम्हाला कळवा. पुढच्या भागात एसएमपीएस आणि यूपीएस घेताना वॅटचा हिशोब कसा करायचा ते बोलू. तोवर सांभाळून राहा, पावसाळ्याचे दिवस आहेत.

नमस्कार.